पाऊस कोकणात, वारा क्रीटवर

आषाढात कोकणात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. त्याच जुलैत ग्रीसच्या क्रीट बेटावर, इराक्लिओ शहरात, सरासरी पाऊस पडतो एखादा मिलिमीटर. अंगणातली धूळही त्याने बसायची नाही. तिथली वर्षभराची बेरीज ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तीही बहुतेक सगळी ऑक्टोबर ते मार्चमधली. उन्हाळा ठणठणीत कोरडा आणि हिवाळा ओला, अशी भूमध्य समुद्राच्या काठची ऋतूंची वाटणी आहे. तिकडे सुट्टीला निघालेल्या मराठी कुटुंबाची बॅग चुकते ती बहुधा इथेच. ‘युरोप’ म्हटलं की कपाटातून जाड जाकिटं निघतात, ‘समुद्र’ म्हटलं की गोव्याचे कपडे निघतात, आणि क्रीटला यातलं काहीच पूर्णपणे लागू पडत नाही.

कोकणातला पाऊस आणि क्रीटवरचं कोरडं आकाश यांचा एकमेकांशी संबंध आहे, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. १९९६ मध्ये मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी तो उलगडून दाखवला. आपल्याकडे मोसमी पाऊस पडतो तेव्हा वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. हवा वर उसळते आणि या उलथापालथीचा परिणाम वातावरणात हजारो किलोमीटर पश्चिमेकडे पोचतो. तिथे, सहाराचा पूर्व भाग आणि पूर्व भूमध्य समुद्र यांच्यावर, हवा वरून खाली उतरू लागते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते, आणि तिच्यात ढग धरत नाहीत. कोरड्या उन्हाळ्याचं हे एकमेव कारण नव्हे. उत्तरेकडे सरकणारा जास्त दाबाचा पट्टाही त्यात आहेच. पण क्रीटच्या निळ्याभोर जुलैत आपल्या पावसाचा वाटा आहे, हे नक्की.

तिथल्या वाऱ्यातही आहे. मान्सूनच्या दिवसांत भारतापासून इराण-इराकमार्गे तुर्कस्तानपर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा पसरतो. दुसऱ्या बाजूला, बाल्कन प्रदेशावर, दाब जास्त असतो. या दोहोंमधल्या फरकामुळे एजियन समुद्रावरून उत्तरेचा वारा सुटतो. ग्रीक लोक त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो कधी दोन दिवस, कधी आठवडाभर वाहतो, बहुतेकदा निरभ्र आकाशाखाली. दरवर्षी नेमाने येणाऱ्या या वाऱ्यांचा विचार ॲरिस्टॉटलनेही केला होता. त्याच्याही आधी हिरोडोटसने एक मत नोंदवून खोडून काढलं: हे वारे नाईलचं पाणी समुद्रात जाऊ देत नाहीत, म्हणून नाईलला उन्हाळ्यात पूर येतो. वारे नसतानाही पूर येतोच की, असा त्याचा बिनतोड सवाल होता. नाईलचा पूर खरं तर इथिओपियाच्या डोंगरांवरच्या उन्हाळी पावसाचा, म्हणजे त्याच मोठ्या मोसमी यंत्रणेचा. कारण चुकलं तरी दोन गोष्टी एकाच वेळी घडतात हे प्राचीनांनी अचूक टिपलं होतं.

हे सगळं क्रीटच्या निमित्ताने सांगायचं, कारण हवामानाचे इतके नमुने इतक्या कमी जागेत दाखवणारं दुसरं बेट शोधावं लागेल. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी कुठे साठ तर कुठे जेमतेम बारा. मधून डोंगरांचा कणा गेलेला. त्यातलं प्सिलोरितिस शिखर २४५६ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटर वर. इराक्लिओ, रेथिम्नो, हानिया ही मोठी शहरं उत्तर किनाऱ्यावर, मेल्तेमीच्या थेट तोंडाशी. दक्षिण किनारा डोंगराच्या आडोशाला, लिबियाकडे तोंड करून, जास्त ऊबदार आणि जास्त कोरडा. आडोसा आहे म्हणून तिथे वारा नसतो, असं मात्र समजू नये. प्लाकियाससारख्या गावांत उत्तरेचा वारा घळींतून असा खाली कोसळतो की किनाऱ्यावरची वाळू पायाला टोचते.

आता मुख्य प्रश्न, जायचं कधी? आपल्याकडे त्याचं उत्तर शाळा ठरवते. मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळीची. हॉटेलांच्या जाहिराती मे महिना ‘समुद्राचा’ म्हणून विकतात आणि ऑक्टोबरअखेर ‘हंगाम संपत आला’ म्हणून स्वस्त करतात. समुद्रात उतरायचं असेल तर हिशेब उलटा आहे. मेच्या मध्यावर इराक्लिओत दुपारचं तापमान २३-२४ अंश सेल्सिअस असतं, ऊन छान असतं, पण पाणी जेमतेम १९-२० अंशांचं. उत्तर युरोपातली माणसं त्यात आनंदाने डुंबतात. अलिबागच्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं गुडघाभर जाऊन किंचाळत परत येतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात हवा जवळजवळ मेसारखीच, २३ अंशांच्या आसपास, पण पाणीही तितकंच, साधारण २३. कारण साधं आहे. पाणी जमिनीपेक्षा कितीतरी सावकाश तापतं आणि तितक्याच सावकाश निवतं. समुद्र सगळ्यात गार असतो तो जानेवारीत नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुमारे १६ अंश. सगळ्यात ऊबदार ऑगस्टमध्ये, २५-२६ अंश, आणि ही ऊब तो सप्टेंबरभर जपून ठेवतो.

त्यामुळे सुट्टीचं स्वातंत्र्य असलेल्यांनी डोळे मिटून सप्टेंबर निवडावा. मेल्तेमी मंदावलेला, गर्दी ओसरलेली, पाणी अजून उन्हाळ्याचं. शाळेला बांधलेल्यांनी दिवाळीचा विचार करावा, पण पंचांग बघून. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. आपल्याला हा अठरा दिवसांचा फरक किरकोळ वाटतो. क्रीटवर या अठरा दिवसांत हंगाम मिटतो. युरोपातल्या विमानांचं उन्हाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात संपतं, किनाऱ्यावरची बरीचशी हॉटेलं त्याच सुमारास कुलूप लावतात, दक्षिणेकडच्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात. नोव्हेंबरातही पाणी २०-२१ अंश असतं, म्हणजे मेपेक्षा उजवंच. फक्त त्याच्या काठावरची खुर्ची, छत्री आणि कॉफी गेलेली असते. अशा वर्षी मुक्काम हानिया किंवा इराक्लिओसारख्या वर्षभर जागत्या शहरात करणं शहाणपणाचं.

जुलै-ऑगस्टबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पर्यटक तेव्हाच येतात आणि चुकीची बॅग भरल्याची शिक्षाही तेव्हाच मिळते. इराक्लिओचं सरासरी कमाल तापमान या दिवसांत २९ अंश. आकडा वाचून नागपूर-जळगावकरांना हसू येईल. पण सरासरीच्या पोटात उष्णतेच्या लाटा दडलेल्या असतात. जून २०२४ मध्ये, उन्हाळा पुरता सुरूही झालेला नसताना, क्रीटवर पारा ४४ अंशांपुढे गेला. अथेन्समध्ये १२ आणि १३ जूनला ॲक्रोपोलिस भर दुपारी पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं. त्याच महिन्याच्या ५ तारखेला सिमी बेटावर ब्रिटिश डॉक्टर आणि टीव्ही निवेदक मायकेल मोझली दुपारच्या उन्हात डोंगरवाटेने एकटेच चालत निघाले आणि परतले नाहीत. समुद्रावरून वारा येत असतो, घाम अंगावर टिकत नाही, आणि शरीराला किती पाणी कमी पडतंय हे कळत नाही. आपल्याकडचा दमट उन्हाळा निदान घामाच्या धारांनी सावध तरी करतो.

कातडीचंही तेच. ‘आपण सावळेच, आपल्याला कशाला सनस्क्रीन’ हा युक्तिवाद बॅग भरताना घरोघरी होतो. मुंबईतलं एप्रिलचं ऊन क्रीटपेक्षा कडक असतं हे खरं, पण मुंबईत कुणी चार तास उघड्या वाळूवर बसत नाही. क्रीटमध्ये लोक त्यासाठीच जातात. सनस्क्रीनची मोठी बाटली मोठ्या बॅगेत टाकावी, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वरच्या डब्या विमानतळावर सहसा अडवल्या जातात. मुलांसाठी पोहताना घालायचे पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट सगळ्यात उत्तम. टोपी हवी, पण नाडीची. बिननाडीची टोपी मेल्तेमी पहिल्याच दिवशी समुद्रार्पण करतो. इलेक्ट्रॉलची चार पाकिटं वजनाला काहीच नाहीत. क्नोसोसच्या राजवाड्याचे अवशेष बघायला जाताना ती खिशात असावीत. आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये तिथे मोठं उत्खनन सुरू केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडी अंगणांत सावली मात्र शोधून सापडत नाही. सकाळी दार उघडताच आत शिरायचं आणि ऊन चढायच्या आत निघायचं.

वाऱ्याचा हिशेब वेगळाच करावा लागतो. मेल्तेमी जोरात असला की उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात, जीवरक्षक लाल बावटा लावतात आणि पोहणं थांबतं. अशा दिवशी स्थानिक माणसं गाडी काढून डोंगराच्या पलीकडे, दक्षिणेच्या एखाद्या शांत खाडीत जातात. पर्यटकांनीही तेच करावं. वारा बोफर्ट मापाने ८ च्या आसपास गेला की बेटांमधली जहाजंही बंदरातच थांबवली जातात. सांतोरिनीहून क्रीटला बोटीने येऊन त्याच संध्याकाळी परतीचं विमान पकडायचं, असा कार्यक्रम ऑगस्टमध्ये आखणारा एजंट बदललेला बरा. वाऱ्याने वणवेही भडकतात. जुलै २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण किनाऱ्यावरच्या येरापेत्राजवळ लागलेल्या आगीमुळे हजाराहून अधिक रहिवासी आणि पर्यटकांना हलवावं लागलं होतं. अशा वेळी ११२ या यंत्रणेकडून त्या भागातल्या मोबाइलवर कर्कश आवाजात सूचना येते. म्हणून पासपोर्ट, औषधं आणि पैसे एका लहान पिशवीत एकत्र ठेवायची सवय उन्हाळ्यात तरी लावून घ्यावी.

पहिला पाऊस ऑक्टोबरमध्ये येतो, आणि येतो तो कधी कधी आपल्या वळवालाही लाजवील असा. तापलेल्या समुद्रावर वरच्या थरातली गार हवा आली की काही तासांत महिन्याचा पाऊस पडून जातो. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी इराक्लिओच्या पश्चिमेला आगिया पेलागिया या किनाऱ्यावरच्या गावात रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि उभ्या गाड्या थेट समुद्रात वाहून गेल्या. असं रोज होत नाही. बहुतेक ऑक्टोबर उन्हात आणि अंजिरांत जातो. पण दिवाळीत जाणाऱ्यांनी पातळ रेनकोट घ्यावा आणि छत्री घरी ठेवावी. तिथला पाऊस वारा सोबत घेऊन येतो, आणि आपली तीन घड्यांची छत्री पहिल्याच झोतात उलटी होते.

हिवाळा थोडक्यात. जानेवारीत दिवसा १५, रात्री ९ अंश, डोंगरांवर बर्फ, बागांत पिकलेली संत्री, आणि गावोगाव ऑलिव्ह काढायची धांदल. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. थर्मलची गरज किनाऱ्यावर पडत नाही, पण दगडी भिंती आणि फरशीच्या खोल्या दमट गार असतात, तेव्हा एक चांगला स्वेटर आणि पायमोजे हवेतच. मधूनच काही दिवस वारा पडतो आणि ऊन इतकं कोवळं येतं की लोक बाहेर टेबलं मांडतात. खंड्या पक्ष्याला अंडी घालता यावीत म्हणून देवाने वाऱ्याला आवरलं, अशी त्या दिवसांची ग्रीक कथा आहे.

वसंत हा चालणाऱ्यांचा ऋतू. एप्रिलमध्ये डोंगर रानफुलांनी भरतात, माथ्यावर बर्फ असतं आणि खाली दुपारी २० अंश. फक्त या दिवसांत अधूनमधून दक्षिणेचा वारा सहाराची धूळ घेऊन येतो. मार्च २०१८ मध्ये क्रीटचं आकाश तिने नारिंगी झालं होतं, एप्रिल २०२४ मध्ये अथेन्सचं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आपला पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवावी, आणि लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा.

एकाच दिवसात किती ऋतू बॅगेत भरावे लागतात, याचा नमुना म्हणजे सामारियाची घळ. साधारण १ मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ती उघडी असते. पाऊस किंवा अति उष्मा असेल तर ऐनवेळी बंदही करतात. सोळा किलोमीटरची ही चाल सुमारे १२०० मीटर उंचीवर पहाटे सुरू होते, तेव्हा मेमध्ये दात वाजतात आणि जुलैतही विंडचीटर नको म्हणवत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हा शाळेतला धडा तिथे अंगावर शहारा आणून आठवतो. दुपारी माणूस आगिया रुमेलीला, थेट समुद्रपातळीवर, घामाघूम होऊन पोचतो. तिथून गाडीरस्ता नाही, फक्त बोट. म्हणून पाठीवरच्या पिशवीत विंडचीटर आणि पोहण्याचे कपडे शेजारी शेजारी असतात. पाण्याची एकच बाटली पुरते, वाटेत झऱ्यांवर भरता येते. पायांत मात्र जाड तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूटच हवेत. चपला घालून उतरणारे दरवर्षी दिसतात आणि अर्ध्या वाटेत त्यांचे चेहरेही दिसतात.

पादत्राणांवर एकूणच कंजुषी करू नये. एलाफोनिसीच्या गुलाबीसर वाळूचे फोटो बघून सगळा किनारा तसाच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी गोटे आणि खडक असतात, आणि पाण्यातल्या खडकांना काळे काटेरी जीव चिकटलेले असतात. त्यांचा काटा तळव्यात मोडला की सुट्टीचे दोन दिवस गेले. रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट तिथल्या किनाऱ्यावरच्या दुकानांतही मिळतात.

कपड्यांत सुती आणि लिननचं पातळ सामान, मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळींसाठी एक जाकीट, बस्स. मोठे टर्किश टॉवेल जागा खातात आणि वाळत नाहीत. त्यापेक्षा आपला साधा पंचा उत्तम. तो तासाभरात वाळतो, डोक्यावर घेता येतो, वाळूवर अंथरता येतो. ओढणीही तशीच बहुगुणी. आर्कादी, प्रेवेलीसारख्या मठांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत अशी अपेक्षा असते. ऐनवेळी दारातली अनोळखी शाल गुंडाळण्यापेक्षा आपली ओढणी बरी. मोबाइलच्या चार्जरची दोन गोल पिनांची पिन बहुधा बसते, तीन पिनांची इस्त्री किंवा किटली बसत नाही. तिच्यासाठी अडॅप्टर लागतो.

राहता राहिला खाऊ, म्हणजे मराठी बॅगेचा निम्मा भाग. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, खव्याची मिठाई आणि तुपाची बरणी घरीच. तेलातली चकली आणि पोह्यांचा चिवडा यांना ही आडकाठी नाही. मेच्या सुट्टीत कुणा नातेवाइकासाठी हापूसची पेटी न्यायचा मोह आवरावा, कारण ताज्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन.